वगळलेली घरं

माझ्या हातून चुकलेली ती ओळ एवढीशीच होती. संगणकाच्या पडद्यावर तिनं अर्धी जागाही घेतली नव्हती. तिच्यात दोन 'नाही' होते आणि मधे एक 'आणि' होता. कुणी वाचली असती तर बरोबर आहे म्हणूनच मान हलवली असती. मीही हलवली होती. त्या ओळीनं आमच्या गावातली नऊ घरं गावजेवणाच्या बाहेर ठेवली, आणि त्यांतलं एक घर माझ्या वारलेल्या मित्राचं होतं. चूक कशी झाली हे मी ऑफिसात सांगितलं आहे. ती का झाली, हे मात्र पहिल्यांदाच लिहितो आहे.

मी पन्नाशीला टेकलेला प्रोग्रॅमर आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या वर्कशॉपवर, माडीवर, आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर लोखंड कापलं जातं आणि वर टेबलावरच्या चहावर बारीक लाटा उठत राहतात. आम्ही चौघं आहोत. आजूबाजूच्या कारखान्यांसाठी हजेरीचे, मालाच्या साठ्याचे प्रोग्रॅम लिहितो. राहायला सांगलीत आहे, पण गाव पाटणच्या पलीकडं. तिथं डोंगराच्या पोटाशी भाताची खाचरं आहेत आणि वर पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. गावातल्या दर दोन घरांमागं एक माणूस फौजेत आहे किंवा होता.

होळीनंतर गावदेवाचा भंडारा असतो. त्या दिवशी सगळ्या गावाला चूलबंद आवतण. चूलबंद म्हणजे घरातल्या कर्त्या माणसानं येऊन जेवून जायचं असं नव्हे. म्हातारीकोतारी, लेकीबाळी, पाहुणा असला तर तोही, सगळ्यांनी देवळापुढं जेवायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. हे आवतण दारात जाऊन द्यावं लागतं. चाळीसएक वर्षं ते काम आमच्या आळीतले आबा करत आले. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते एकाच सुरात म्हणायचे, "परवा भंडारा हाय. आवतण चूलबंद." पाणीसुद्धा न पिता पुढच्या दारात.

ज्या घरात सुतक असेल त्या घराला आवतण नसतं. तेरावं झालं की सुतक संपलं, आणि मग त्या घराला आवतण गेलंच पाहिजे. आमच्याकडं त्याला फार मान आहे. माणूस गेल्यानंतरचं भंडाऱ्याचं पहिलं आवतण म्हणजे गावानं त्या घराला पुन्हा आपल्यात ओढून घेणं. दारात आबांचा आवाज आला की रडणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत.

आबांची आणखी एक पद्धत होती. सगळी फेरी झाली की ते संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसत आणि चार वडीलधाऱ्यांच्या समोर, ज्या घरी गेले नाहीत ती घरं मोठ्यानं म्हणून दाखवत. अमक्याचं घर, म्हातारा वारला, तेरावं सोमवारी. तमक्याचं घर, कुलूप, मुंबईला गेल्यात. लहानपणी मला याचं हसू यायचं. जिथं गेलेच नाहीत त्याची कसली यादी? एकदा विचारलं तर म्हणाले, "गेल्यालं समद्यांस्नी दिसतंय रं. न गेल्यालं कोण सांगणार?"

दोन वर्षांपासून आबांचे गुडघे गेले. यंदा कमिटीतल्या एकाचा मला फोन आला, "तू कंप्युटरवाला हायस गड्या, कायतरी काढ की यावर." मी लगेच हो म्हणालो. आबांनी एकदाच मोबाईलमध्ये बोलायचं आणि प्रोग्रॅमनं तोच आवाज प्रत्येक घराच्या फोनवर वाजवायचा, असं ठरलं. आबांचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा त्यात मागं कोंबड्या ओरडत होत्या. मी त्या काढल्या नाहीत.

इतक्या झटकन हो म्हणालो त्याचं कारण चांगलं नव्हतं. मला गावात न जाता गावासाठी काहीतरी करायचं होतं.

दिवाळीच्या आधी माझा मित्र गेला. आम्ही एका बाकावर शिकलो. तो फौजेत गेला, मी डिप्लोमाला. वीस वर्षं नोकरी करून तो परत आला आणि वळणावरच्या घरात राहून शेती बघू लागला. मी गावी गेलो की आमची संध्याकाळ ओढ्यावरच्या मोरीवर बसून जायची. त्याच्या छातीत दुखलं आणि कराडला नेईपर्यंत सगळं संपलं. मला फोन आला तेव्हा मी एका कारखान्यात होतो. नवा हजेरीचा प्रोग्रॅम त्या दिवशी सुरू व्हायचा होता. मी "निघतोच" असं सांगितलं आणि निघालो नाही. मशीन अडलं होतं, माणसं खोळंबली होती, हे खरंच होतं. पण मी सांगितलं असतं तर मला कुणी अडवलं नसतं, हेही खरं होतं.

तेराव्याला मात्र गेलो. म्हणजे घरातून निघालो. कराडच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, पाटणची गाडी लागलेली पाहिली. पण दारात उभं राहून वहिनींना, त्याच्या बायकोला, काय सांगायचं ते सुचेना. गाडी सुटली. मी समोर लागलेल्या सांगलीच्या गाडीत चढलो. घरी बायकोला सांगितलं, झालं सगळं व्यवस्थित. वहिनींना एक मेसेज पाठवला. त्यानंतर पाच महिने फोनही केला नाही.

आता त्या ओळीकडं येतो.

मी पूर्वी प्रोग्रॅम जुन्या पद्धतीनं लिहायचो. यादीतलं एक घर घ्यायचं, त्याला प्रश्न विचारायचे, हो असेल तर इकडं, नसेल तर तिकडं, मग पुढचं घर. लांबलचक काम, पण प्रत्येक घर हातातून जायचं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक तरुण मुलगी आली, मिरजेची, तिनं आम्हाला नवी रीत लावली. अख्खी यादीच एका चाळणीवर ओतायची. चाळणीला एक अट सांगायची. अट जिथं खरी ठरते ते राहतं, बाकीचं गळून जातं. राहिलेल्यांवर पुढचं काम. तीन-चार ओळींत सगळं. वाचायलाही छान.

तिची एक तक्रार मात्र कायम असायची. माझ्या अटी 'नाही'नं भरलेल्या असायच्या. "सर, तुम्ही प्रत्येक शब्दाला 'नाही' चिकटवता हो," ती म्हणायची. "वगळायचं कोण ते आधी सरळ लिहा. त्याला नाव द्या. मग त्या नावाच्या बाहेर एकदाच 'नाही' लावा. आत घुसवू नका, आत गेलं की ते काय करेल सांगता येत नाही."

मी म्हणायचो, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी 'नाही' लिहितोय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणायची.

गावाची यादी कमिटीनं पाठवली. एकशे पंचाहत्तर घरं. प्रत्येक घरापुढं फोन, आणि दोन रकाने मी वाढवले होते. गेल्या भंडाऱ्यापासून घरात कुणी वारलं का, आणि तेरावं व्हायचं बाकी आहे का. आबांनी मला अट फोनवर सांगितली होती, अगदी स्वच्छ : "ज्या घरात माणूस गेलंय आन तेरावं व्हायचं हाय, तेवढी घरं सोड." मला ती चाळणीसाठी उलटी करायची होती. सोडायची घरं कोणती ते माहीत होतं, ठेवायची हवी होती. मी दोन्ही तुकड्यांना एकेक 'नाही' लावला. कुणी वारलेलं नाही, आणि तेरावं बाकी नाही. मधला 'आणि' होता तसाच राहिला.

मग तपासायला दोन घरं घेतली. एक, जिथं वर्षात कुणी गेलेलं नव्हतं, ते राहिलं. दुसरं, जिथं चार दिवसांपूर्वी म्हातारी गेली होती, ते गळालं. दोन्ही बरोबर. तिसऱ्या प्रकारचं घर, म्हणजे माणूस गेलेलं पण तेरावं उरकलेलं, ते तपासायला हवं होतं. माझ्यापुढं त्याचं एकच उदाहरण आलं. यादी खाली सरकवताना ती ओळ दिसली होती. फोनच्या रकान्यात अजून मित्राचाच नंबर होता. मी तो खोडून वहिनींचा घातला आणि पान भरकन पुढं ढकललं. त्या ओळीवर परत जाऊन "चल, याचं काय होतं बघू" असं करणं मला जमलं नाही.

एवढंच घडलं. बाकी सगळं तर्कशास्त्र आहे.

भंडारा रविवारी होता. शुक्रवारी सकाळी दहाला मी बटण दाबलं. अर्ध्या तासात सगळे फोन गेले. गावातून मेसेज यायला लागले. एकानं लिहिलं, आबा एकाच वेळी आमच्या आन मागच्या आळीत कसं काय! मी खूश होतो. खाली लेथ चालू होती आणि मी चहा मागवला.

जेवायच्या सुट्टीत आबांचा फोन आला.

"झालं का रं समद्यांस्नी सांगून?"

"झालं आबा. अर्ध्या तासात."

"अर्ध्या तासात? मला दोन दिस लागायचं की. पाय मोडून घेतलं मी उगंच." मागं कुणीतरी हसलं. "बरं, आता वगळल्याली म्हण."

"काय म्हणू?"

"वगळल्याली घरं रं. मी पायरीवर बसलोय. चार माणसं हाईत हितं. तू म्हण, मी सांगतो त्यांस्नी."

माझ्याकडं तशी यादीच नव्हती. चाळणीखाली काय पडलं ते मी पाहिलंच नव्हतं. एकशे चौसष्ट फोन लागले एवढं पडद्यावर दिसत होतं, आणि एकशे पंचाहत्तरमधून ते वजा करून बघायचंही मला सुचलं नव्हतं. "थांबा आबा, एक मिनिट," म्हणालो आणि तीच अट घेऊन तिच्याबाहेर एक 'नाही' लावला, म्हणजे गळालेली घरं वर येतील. अकरा आली.

मी वाचायला लागलो.

"वरच्या आळीतलं शेवटचं."

"म्हातारी गेली सोमवारी. बरोबर."

"गिरणीजवळचं."

"तेरावं मंगळवारी हाय. बरोबर. झालं न्हवं?"

"अजून आहेत आबा. पुलाजवळचं."

"त्यांचं काय? त्यांचं तर आखाडातच झालं की समदं."

"टाकीखालचं."

"आरं, त्याला वरीस व्हाईल आता."

पुढचं, त्याच्या पुढचं. आबा आता 'बरोबर' म्हणत नव्हते. सातवं आलं. मला ते न वाचता पुढं जाता आलं असतं. "वळणावरचं," मी म्हणालो. "फौजींचं."

पलीकडून मला कोंबड्याच ऐकू आल्या.

"त्या पोरीला सांगितलं न्हाईस व्हय?" आबा म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. "आरं, तिच्या आजूबाजूच्या चारी घरांत सकाळच्याला माझा आवाज वाजलाय."

फोन ठेवला तेव्हा मिरजेची मुलगी शेजारी डबा उघडून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, डबा बाजूला सारला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर आली. ओळ वाचायला तिला फार वेळ लागला नाही.

"सर, बाहेर पाऊस आहे आणि जवळ छत्री नाही, अशानं घरात थांबायचं. बरोबर? मग बाहेर कोण पडू शकतं?"

"ज्याच्याकडं छत्री आहे तो."

"किंवा?"

"किंवा पाऊसच नसेल तर कुणीही."

"किंवा," ती म्हणाली. "तुम्ही 'नाही' आत नेलात, तर मधला 'आणि' बदलून 'किंवा' व्हायला हवा होता. तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय, पाऊस नको आणि छत्रीची अडचणही नको. त्यानं छत्रीवाल्यांनाही घरात कोंडलं. ज्या ज्या घरात वर्षात कुणी गेलं, ती सगळी गेली." मग म्हणाली, "टेस्ट नव्हती केली?"

"दोन घरांची केली."

"तिसरं?"

मी यादी सरकवून वळणावरच्या घराची ओळ पुढं आणली. तिनं पुन्हा विचारलं नाही. "चला, अजून दोन दिवस आहेत," ती म्हणाली. "नऊ फोन आत्ता लावू. दोन मिनिटांचं काम." तिनं अट सरळ केली. आबांचं वाक्य जसंच्या तसं एका नावात बांधलं, 'सुतकात आहे', आणि त्या नावाच्या बाहेर एकच 'नाही' ठेवला. वाचलं तर मराठीच वाटत होतं : सुतकात नाही ते ठेव. मी पुन्हा आबांना फोन लावला आणि सांगितलं की आता लगेच पाठवतो.

"न्हाई," आबा म्हणाले. "दुपारी उशिरा आल्यालं आवतण म्हंजी मागनं आठवल्यालं आवतण. तू ये. उद्या सकाळी ये. माणसानं जाऊनच सांगितलं पायजे आता."

"आबा, मी..."

"ये," म्हणाले आणि फोन बंद.

त्या संध्याकाळी मी बायकोला कराडच्या स्टँडवरचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही तिथं काय जेवलात ते विचारलं तर तुम्ही सांगितलं नव्हतं." सकाळी सहाला तिनंच मला उठवलं आणि मोटरसायकलची चावी हातात दिली, म्हणजे कराडला उतरून गाडी बदलायचा प्रश्न नको.

कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जावं लागलं. पाटण ओलांडून चढाला लागलो तेव्हा पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या. आबा देवळाजवळ धुतलेली टोपी घालून तयार बसले होते. त्यांना गाडीवर मागं बसवताना गुडघा वाकेना, म्हणून एक पाय पुढं काढून बसले. तसाच तो पाय हवेत धरून आम्ही गावभर फिरलो. पोरं बघून हसत होती.

पहिल्या घरी आबा म्हणाले, "ह्यो सांगंल." मला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि स्वतः गाडीवरच बसून राहिले. मी घडलेलं सांगितलं. चूक मशीनची नाही, मशीनला मी चुकीचं सांगितलं, असं म्हणालो. घरमालक ऐकत होता.

"म्हंजी आमचं नाव काय कापलं न्हाई?"

"नाही नाही."

"मग आसं सांग की. काल सकाळधरनं आमची बायकू डोकं खातीय, तुमी कमिटीत भांडला म्हणून टाकलं म्हणून." आणि आत ओरडून, "आगं, ऐकलं का! मी न्हवं, कंप्युटर!"

टाकीखालच्या घरात एक म्हातारी होती, तिच्या नवऱ्याला वर्ष होत आलं होतं. ती माझ्याकडं डोळे बारीक करून बघत म्हणाली, "आमच्या लेकांस्नी बाप इसरला. तुझ्या मशीनच्या तेवढा ध्यानात ऱ्हायला म्हणायचा." मग ती हसली आणि म्हणाली, "सांग, कसं म्हणत्यात आबा ते म्हण." मी म्हटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. पुलाजवळच्या घरात तर त्यांचा फोन मुलगा पुण्याला घेऊन गेलेला होता. त्यांना शुक्रवारी काही वाजलं नाही याचं काहीच वाटलं नव्हतं, उलट आबा दारात आले म्हणून आनंद झाला. आठ घरं झाली. आता फक्त वळणावरचं राहिलं होतं.

वळणाच्या अलीकडं, ओढ्यावरच्या मोरीपाशी, आबांनी खांद्यावर थाप मारली. "हितं उतरव मला."

"तुम्ही येणार नाही?"

"माझं तिला दरसाल हाय. आज तू जा." आणि ते मोरीवर बसले, आमच्याच जागी.

वहिनी ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या. "या की," म्हणाल्या आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी माझा हात धरून शेजारी बसवलं आणि माझ्या बायकोची चौकशी केली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत फडक्यात बांधलेली मटकी एका पातेल्यावर ठेवली होती, मोड यायला. उद्या भंडारा, आणि या घरात उद्याच्या कालवणाची तयारी होती. मी ते पाहिलं हे वहिनींनी पाहिलं.

"आत्तीस्नी म्हटलं, आपला फोन चार्जिंगला हुता, तवा वाजून गेला असंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांस्नी कशाला तरास. त्या उद्या जाणार म्हणून लुगडं काढून बसल्यात. मला कळंना काय करावं. आवतण न्हाई तर न्यायचं कसं, आन न्हाई म्हणायचं तर काय सांगायचं."

मी सांगायला सुरुवात केली. यादी, दोन रकाने, दोन 'नाही'. चुकीच्या जागी पडलेला 'आणि'. त्या लसूण सोलत ऐकत होत्या. किती कळलं माहीत नाही, पण मी जिथं अडखळलो तिथं त्यांनी वर बघितलं.

"तपासताना तुमचं घर घ्यायला हवं होतं," मी म्हणालो. "मला ती ओळ बघवली नाही वहिनी. आणि मी मातीला आलो नाही. तेराव्याला कराडपर्यंत आलो होतो. तिथनं परत गेलो."

समोर अंगणात एक शेळी दाव्याला अंग घासत होती.

"तुमी आला न्हाईसा, ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लय वाईट वाटलं. ह्यांनी वाट बघितली आसती आसं मनात यायचं, आन मग आपलंच हसू यायचं, ते कुठं बघणार. ते येगळं. त्याचा राग मला हाय, अजून थोडा ऱ्हाईल. पर काल सकाळी माझ्या मनात ते न्हवतं. काल मला वाटलं, गावानंच सोडलं. बाईमाणूस एकटी ऱ्हायली म्हणून, का अजून विटाळ धरत्यात म्हणून. रातभर तेच." त्यांनी लसणाची साल झटकली. "तुमच्या हातनं चुकलं म्हंता. मग लय बरं झालं. तुमचं मला सोसतंय. गावाचं सोसलं नसतं."

माझा गुन्हा असल्यानं कुणाला इतकं हलकं वाटेल, हे मी कधी कल्पिलं नव्हतं.

"मग आता सांगा की," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवतण. का माझ्यापुढं मशीनच वाजवनार?"

मी ओट्यावरून उतरलो, पायरीखाली उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आठ घरांत म्हणून आलो होतो, तरी आवाज बारीकच निघाला. "उद्या भंडारा आहे," मी म्हणालो. "आवतण चूलबंद."

"मोठ्यानं. आत्तीस्नी ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं म्हणालो. सासूबाईंनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आलं का? मी म्हणत हुते तुला, येतंय म्हणून." वहिनी आत गेल्या. सिलिंडरचा खटका बंद केल्याचा आवाज बाहेर आला. मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदरानं नाक पुसत हसल्या. "आता उद्या च्या बी न्हाई घरात. तवा सकाळचा च्या देवळात पाजा म्हणावं कमिटीला."

मी मोरीपाशी परत आलो. आबांनी माझ्याकडं बघून पाय पुढं काढला आणि म्हणाले, "चल. लय ऊन झालं."

रविवारी जेवायच्या आधी आबांनी मला पायरीवर बोलावलं. "म्हण." मी उभा राहून वगळलेली घरं म्हटली. वरच्या आळीतलं शेवटचं, म्हातारी वारली, तेरावं बाकी. गिरणीजवळचं, तेरावं मंगळवारी. दोनच. कुणी मान हलवली, कुणी बघितलंही नाही. आबा म्हणाले, "बरोबर," आणि वाढपी निघाले. आमटी, भात आणि गव्हाची खीर. बायकांच्या पंगतीत वहिनी बसल्या होत्या, शेजारी सासूबाई, काढून ठेवलेल्या लुगड्यात. मी खीर वाढत त्या ओळीत पोचलो तर सासूबाईंनी द्रोण पुढं केला. खीर घातली तरी त्यांनी द्रोण मागं घेतला नाही.

"आवं, पुरं की आता," वहिनी म्हणाल्या.

"चूलबंद हाय," सासूबाई म्हणाल्या. "रातचं बी हितंच खायाला पायजे."

निघताना वहिनींनी गाडीच्या हँडलला एक पिशवी अडकवली. आत फडक्यात बांधलेली मटकी होती, चांगले लांब मोड आलेली. "उद्यापातूर आंबंल," त्या म्हणाल्या. "घिऊन जावा. आन पुढच्या बारीला आला की घरात या, मोरीवरनं जाऊ नका." मी हो म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

सोमवारी माझ्या डब्यात त्या मटकीची उसळ होती. मिरजेच्या मुलीनं दोन चमचे घेतले आणि विचारलं, मिळालं का सगळ्यांना आवतण. मिळालं, म्हणालो. मग मी तिच्यासमोरच प्रोग्रॅम उघडला. चाळणीची एक ओळ होती तिथं आता दोन ढीग करणारी ओळ घातली, राहिलेली घरं एकीकडं, गळालेली एकीकडं. गळालेल्यांची यादी वाचून खालच्या बटणावर हात ठेवल्याशिवाय एकही फोन लागत नाही, अशी ती मांडली.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. "हजेरीच्या प्रोग्रॅमलाही लावू या का?"

"लावू," मी म्हणालो आणि डबा तिच्याकडं सरकवला.